पास्त्याची सोयरीक

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक सल्ला मागायला येतात ते साधारणपणे दोनच बाबतींत. बाळाचे नाव काय ठेवावे, आणि लग्नपत्रिकेतला मजकूर शुद्ध आहे की नाही. या कामांना बुद्धी फारशी लागत नाही, वेळ मात्र पुष्कळ जातो आणि मोबदल्यात एक कप चहा ठरलेला असतो. पण गेल्या वर्षभरात अमरावतीतल्या तीन निरनिराळ्या, सुखवस्तू आणि देवभीरू घरांतून मला एक तिसराच प्रश्न आला. मुलगी किंवा सून पुण्याहून येणार. घरच्यांसाठी पास्ता करणार. त्याबरोबर तांबडी वाईन लागते म्हणे. तर सर, परवडेल अशी कोणती घ्यावी?

हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. बाळाच्या नावाबद्दल कोणी कुजबुजत नाही.

मलाच का विचारतात, तेही सांगतो. गेल्या वर्षी भाऊबीज उलटल्यानंतरच्या रविवारी अकोल्याला आमच्या थोरल्या भावाच्या घरी असे जेवण झाले आणि बाटली निवडण्याचे काम माझ्याकडे आले. अकोला-अमरावती हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. या रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरांची डांबराची पट्टी पाच दिवसांच्या आत सलग अंथरली गेली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण सोयऱ्याधायऱ्यांतली बातमी त्याहूनही वेगाने धावते. तेव्हा प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदाच सगळे लिहून टाकावे, हे बरे.

अमरावतीत हा प्रश्न नुसता चवीचा नसतो, हे बाहेरच्या वाचकांनी आधी लक्षात घ्यावे. ज्या विद्यापीठाचे पेपर मी तपासतो त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांचा जन्म १८७६ सालचा, याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांचे वडील दारूपायी गेले. पुढे बाबांच्या घरी मुलीचे बारसे आले, तेव्हा जातगंगेच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. घरच्या जेवणात काय वाढावे आणि काय वाढू नये, यावर आमच्या जिल्ह्यात इतक्या पूर्वी एक निकाल लागून गेलेला आहे. नागपूरच्या रस्त्याला लागलात तर मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज लागते. खंजिरीच्या तालावर त्यांनी गावोगाव व्यसनाविरुद्ध सांगितले. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलात की वर्धा जिल्हा. गांधीजींची कर्मभूमी म्हणून तिथे दारूबंदीच आहे. सुदैवाने आमची बाटली पश्चिमेला जायची होती.

त्यातून भाषेनेही आपली थट्टा करून ठेवली आहे. ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ औषध. ‘दवादारू’ या आपल्या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत आल्यावर हाच शब्द तोफेत ठासला गेला, दिवाळीत तो ‘शोभेची दारू’ झाला आणि बाकीच्या दिवसांत मात्र शोभा करणारी दारू ठरला. गंमत पुढेच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मद्य विकत घेऊन पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजन्म मिळतो, आणि मद्य कशासाठी हवे याचे कारण म्हणून त्यात आरोग्याचे रक्षण लिहिलेले असते. सरकारी कागदाने फारसी अर्थ असा परत आणला.

अशा मुलखात तांबडी वाईन घरी आणायची, तर आधी कोणाला विचारावे? दुकानदाराला नव्हे. ज्या घरात ती उघडायची त्या घरात जो माणूस ती पिणार नाही, त्याला विचारावे. आमच्या घरात तो माणूस म्हणजे वहिनी.

वहिनींनी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू द्यावी असा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य महाराष्ट्रभर गाजले. त्या दिवशी वहिनींनी वर्तमानपत्राच्या कडेला एक उदाहरण सोडवले होते. ते मला पाठ आहे. बाटली ७५० मिलिलिटरची. शेकडा १३ मद्यार्क. म्हणजे साधारण ९७ मिलिलिटर निव्वळ मद्यार्क. व्हिस्कीत तो शेकडा ४२.८, ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात झाला साधारण २६. तेव्हा वाईनची एक बाटली साधारण पावणेचार मोठे पेग. आणि १२५ मिलिलिटरचा एक पेला म्हणजे व्हिस्कीच्या छोट्या पेगापेक्षा थोडा जास्तच. खाली त्यांनी लिहिले होते, ‘नव्हे कसे? आहे.’

या गणिताला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. तांबडी वाईन हृदयाला चांगली असते असे मध्यंतरी फार ऐकू येई. पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, मद्याचे अमुक इतके प्रमाण निर्धोक असे काही नाही. तेव्हा औषधाची सबब तेवढी परवान्यापुरती ठेवावी. वाईन घ्यायची तर ती जेवणाला चव यावी म्हणून, थोडी, आणि ती दारूच आहे हे ओळखून.

वहिनींचे कारण गणितापुरते नाही. त्यांचे माहेर मूर्तिजापूरकडचे, कापसाचे. वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या सुमाराला होते. शेतात शीतादही करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बंडी भरून बाजाराला न्यायची. वर्षाचा पहिला पैसा घरात येतो तो असा दिवाळीच्या तोंडावर. वहिनींच्या लहानपणी बंडी सकाळी निघे आणि रात्री उशिरा परत येई. बैल रस्ता ओळखत, म्हणून येई. वडील बंडीत आडवे असत. आजी कंदील घेऊन जाई आणि आधी खिसा चाचपून पाही. मग मुलांना कळे की यंदा फटाके आहेत की नाहीत. अकरा एकर होते, त्याचे तीन झाले. हे वहिनी कधी रडून सांगत नाहीत. वजाबाकी सांगावी तसे सांगतात. हातच्याचा हिशेबही सोडत नाहीत.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, इटलीत तुरिनला दोन वर्षे शिकून आली. आल्यावर तिने जाहीर केले, की यंदा सगळ्यांसाठी तिकडचे जेवण करीन आणि काका, त्याबरोबर तांबडी वाईन तुम्ही आणा. आमचे दादा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. त्यांनी पास्त्याच्या गव्हाबद्दल अर्धा तास सांगितले आणि वाईनचे नाव निघताच वर्तमानपत्र उघडले. मी वहिनींकडे स्वयंपाकघरात गेलो.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पोरीचा हट्ट आहे. आणि पोरगी शहाणी आहे. आणा. पण तीन गोष्टी. दिवाळीच्या चार दिवसांत नको. एकच बाटली; दुसरी गाडीच्या डिकीतसुद्धा नको. आणि ती टेबलावर राहील, सगळ्यांच्या समोर. आमच्याकडे बाटली कधी कोणी पाहिली नाही, नुसता माणूस पाहिला.”

वाचकहो, वाईनवर पुष्कळ पुस्तके निघालेली आहेत. पण त्यांतल्या एकाही लेखकाला या तीन अटींवर पास व्हावे लागले असेल असे मला वाटत नाही. आता निवडीचे सांगतो.

पास्ता हा आपल्याला वाटतो तितका परका नाही. गव्हाच्या पिठाचे हाताने वळून वाळवलेले जे प्रकार, त्यांना आपण वळवट म्हणतो: शेवया, गव्हले, नखुले, मालत्या. आमच्या वऱ्हाडात तर सरगुंडे करतात. रव्या-मैद्याची भिजवलेली वळी बारीक काडीभोवती गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची, उन्हात वाळवायची. उन्हाळ्यात उकडून आंब्याच्या रसाबरोबर खायची. इटलीत वाळवलेला पास्ता ‘ड्युरम’ गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे असा १९६७ चा कायदा आहे. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. दादांचा अर्धा तास तो हाच. पुतणीने आणलेला प्रकार ‘पेने’ नावाचा होता. पेने म्हणजे इटालियन भाषेत लेखण्या. नळी दोन्ही टोकांना तिरपी कापलेली, अगदी कित्ता गिरवायच्या बोरूसारखी. मराठीच्या मास्तराला हे पक्वान्न जवळचे वाटले तर नवल नाही.

सोयरीक जुळवताना मात्र पास्त्याकडे पाहू नये. त्याच्यावर काय पडणार आहे ते पाहावे. पीठ बिचारे कोणाशीही नांदते. खरी गाठ वाईन आणि रस्सा यांची. आमचा रस्सा टोमॅटोचा, लसणाचा, ऑलिव्ह तेलाचा, वरून सब्जाच्या झाडाची पाने. तिकडे त्यालाच बेझिल म्हणतात. टोमॅटो आंबट. आंबट पदार्थाशेजारी कमी आंबट वाईन ठेवली तर ती मिळमिळीत लागते, ताकानंतर प्यालेल्या दुधासारखी. म्हणून पहिला गुण आंबटपणाचा: वाईन रश्शाइतकी तरी आंबट हवी.

दुसरा गुण तुरटपणाचा. तांबड्या वाईनला रंग येतो तो द्राक्षाच्या सालीचा, आणि साल व बी यांच्याबरोबर तुरटपणाही येतो. जांभूळ किंवा कडक चहा जिभेला जसा धरतो तसा. किसलेले चीज आणि तेल या तुरटपणाला मऊ करतात. पण मिरची त्याला चिथावते. तुरटपणा आणि मद्यार्क हे दोन्ही तिखटाशी भांडतात, आणि आमच्या घरात इटालियन रश्शालाही भिवापुरी मिरचीची चिमूट पडणारच. तेव्हा वाईन फार तुरट नको, फार जड नको.

इथेच परवडण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. महाग तांबडी वाईन महाग का असते? पुष्कळदा ती ओकच्या लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली असते. पिंपाला पैसे पडतात, मुरण्याला वेळ लागतो, आणि लाकूड वाईनला आणखी तुरट व भारदस्त करते. ती भाजलेल्या मटणाबरोबर शोभते. टोमॅटोच्या रश्शाशेजारी ती बसली म्हणजे गरीब घरच्या पंगतीत जहागीरदार येऊन बसावा तसे होते; कोणालाच घास उतरत नाही. पिंप न पाहिलेली, हल्लीच्या हंगामाची, साधी वाईन अशा जेवणाला खरोखरच जास्त चांगली. स्वस्त घेतली म्हणून मन खाण्याचे कारण नाही. योग्य घेतली म्हणून खिसा वाचला असे समजावे.

द्राक्षाच्या जातींची नावे लक्षात ठेवायची तर ‘सांजोव्हेसे’ हे एक ठेवा. इटलीतल्या टस्कनीचे हे द्राक्ष. जोव्ह म्हणजे गुरू या देवाचे रक्त, अशी त्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. अंगचा आंबटपणा चांगला, म्हणून टोमॅटोशी त्याचे पिढ्यान्‌पिढ्या जमते. त्यासाठी इटलीला जायला नको. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला ते लावलेले आहे. तिथल्या कंपनीचे नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती काढली. शेतीच्या धंद्यात भाऊ वाटणीसाठी एकत्र येताना आपण पाहतो; हे लावणीसाठी आले.

बाकी महाराष्ट्राच्या वाईनचे माहेर म्हणजे नाशिक. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच जाणकारांच्या मदतीने फेसाळ वाईन केली. नाशिकला राजीव सामंत यांनी ‘सुला’ उभी केली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आणली. पुढल्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. तिथली द्राक्षे हिवाळ्यात पिकतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात. रात्री गार असल्या म्हणजे द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. मुलखावरून वाईन ओळखण्याची ही रीत नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार मुलखाच्या नावांनीच सांगितले आहेत.

एवढी विद्या घेऊन मी बडनेरा रोडवरच्या एका दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने मान वर केली आणि तो उभाच राहिला.

“सर! ओळखलं का? बी.ए. फायनलला होतो मी. ललित गद्य तुम्ही शिकवत होता.”

अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हे कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात दिलेले नाही. मी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली आणि सांजोव्हेसे मागितली.

“ते नाही सर आपल्याकडे. ते अभ्यासक्रमाच्या बाहेरचं झालं. गोड देऊ का कडू? लोक तर गोडच नेतात.”

गोड म्हणजे ‘पोर्ट’. पोर्तुगालची खरी पोर्ट ब्रँडी मिसळून केलेली, मद्यार्काने भारी असते. आपल्याकडे त्या नावाने जी स्वस्त तांबडी मिळते ती मुख्यतः गोड. ती पुष्कळांना आवडते आणि आवडीला माझी हरकत नाही. पण गोडाशेजारी टोमॅटो जास्तच आंबट लागतो, जिलबीनंतर संत्रे खाल्ल्यासारखा. दुकानात ज्याला ‘कडू’ म्हणतात ती खरे म्हणजे कडू नसते. ती फक्त बिनगोडाची असते. मी कडू मागितली. मग त्या मुलाने माझ्याहून शहाणपणाची गोष्ट केली. वरच्या फळीवरच्या झगझगीत बाटलीला मी हात लावताच तो म्हणाला, “ती नका घेऊ सर. तिनं दोन उन्हाळे पाहिलेत इथं.”

अकोला-अमरावतीच्या वाचकांनी हे वाक्य लिहून ठेवावे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हाळ्यात काचेच्या कपाटात उभी राहिलेली वाईन बाटलीतच शिजते. तिला उकडलेल्या मनुकांचा वास येतो. म्हणून चिठ्ठीवरचे साल पाहावे, ताजे घ्यावे, आणि नुकत्याच उघडलेल्या खोक्यातली बाटली मागावी. फिरकीचे झाकण असले तर नाक मुरडू नये. बुचाला भोक पडण्याची भानगड त्यात नाही. मुलाने आठवड्यापूर्वी आलेल्या खोक्यातून नाशिकची एक शिराझ काढून दिली. शिराझच्या वासात काळ्या मिरीची झाक असते, त्यामुळे वऱ्हाडी रश्शाशी तिचे बरे जमते. बिनपिंपाची, आदल्या वर्षीची, सातशे रुपयांच्या आतली. एक दिवसाचा परवाना त्यानेच भरून दिला. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळू लागला तेव्हा मी नको म्हटले. वहिनींची तिसरी अट दुकानापासूनच पाळायला हवी होती.

परत येताना मी संत्री घेतली. वरूड-मोर्शीच्या आंबिया बहाराची संत्री नेमकी दिवाळीच्या सुमाराला बाजारात असतात. ही खरेदी मी वाईनच्या खरेदीचाच भाग समजतो. टेबलावर आम्ही आठ जण होतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, वहिनी, आणि माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. महाराष्ट्रात वाईनसाठीही एकवीस पूर्ण लागतात. या तिघांपुढे पाण्याचे तांबे ठेवायचे आणि बाकीच्या पाचांनी पातळ काचेचे पेले उंचावायचे, हे मला पंक्तिप्रपंचासारखे वाटले असते. तेव्हा पेले आठही सारखे. तिघांत संत्र्याचा ताजा रस, पाचांत वाईन.

वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ती खोली फ्रान्समधली, १६ ते १८ अंशांची. अकोल्याची खोली नव्हे. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग काढावी. ७५० मिलिलिटरमध्ये १२५ चे सहा पेले होतात. पाच भरले.

आईने पेने काट्यावर उचलून पाहिले. “हे तं आपले सरगुंडेच होय वं माय! रस कुठं आहे?” नातीने टोमॅटोकडे बोट दाखवले तेव्हा तिने मान हलवली, आंब्याच्या जागी टोमॅटो तिला पटलेला नव्हता, पण खाल्ले सगळे. मग तिने माझा पेला नाकाशी नेला. घरात द्राक्षासवाची बाटली तिने चाळीस वर्षे ठेवली आहे; त्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते हे तिला कोणी अजून सांगितलेले नाही. “वास बरा आहे,” ती म्हणाली, “औषधासारखा नाही.”

वाईन ठीक होती. लोकांना थोर काही ऐकायचे असते म्हणून सांगतो, ती थोर नव्हती. घास घ्यावा, घोट घ्यावा, आणि पुढचा घास अधिक चांगला लागावा, एवढे तिने केले. कोणी तिच्याविषयी बोलले नाही. बोलणे झाले ते तुरिनच्या थंडीचे, कापसाच्या भावाचे, आणि दादांच्या बन्सी गव्हाचे. लोणच्याने जसे ताटात डाव्या बाजूला राहावे तशी ती राहिली. घरच्या जेवणातल्या वाईनला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

वहिनी सगळा वेळ टेबलाशी बसून होत्या. वाढायच्या निमित्ताने एकदाही उठल्या नाहीत. जेवण झाले, आईला हात धरून आत नेले, पोरांनी ताटे उचलली. बाटलीत सहावा पेला राहिला होता. दादांनी तिच्याकडे पाहिले आणि बडीशेप मागितली. जावयांनी झाकण फिरवून बसवले. तेव्हा वहिनींनी ती बाटली उचलली, दिव्यासमोर धरली आणि आत किती आहे ते पाहिले, मुले परीक्षानळी पाहतात तसे.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “उरलेली मी पहिल्यांदा पाहते आहे.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. त्यांनी ती फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुतणीने ती टोमॅटोच्या उरलेल्या रश्शात ओतून आटवली. उघडलेली वाईन गार जागी दोन-तीन दिवस राहते. पुढे तिचा उपयोग असा करावा.

यावरून दारूबद्दल काही मोठा सिद्धांत काढू नये. ज्या घरात एक पेला कधी एकावर थांबलेला नाही, त्या घरात ही बाटली आणू नये. तिथे संत्र्याचा रसच इटालियन समजावा, आणि पास्त्याचे त्यावाचून काही अडत नाही. ज्या घरात वहिनींसारखे कोणी ‘नको’ म्हणेल, तिथे तो शब्द शेवटचा मानावा आणि कारण विचारू नये. कारण असते. आणि जिथे ‘आणा’ असे उत्तर मिळेल, तिथे टोमॅटोच्या पास्त्यासाठी बिनगोडाची, बिनपिंपाची, ताज्या सालाची, हजार रुपयांच्या आतली एक नाशिकची किंवा अकलूजची तांबडी घ्यावी. अर्धा तास गार करावी. सगळ्यांसमोर उघडावी. सहा पेल्यांची असेल तर पाच भरावेत.

पेले मात्र सगळ्यांना एकसारखे द्यावेत, आणि संत्री निवडताना हातात घेऊन, वास घेऊन निवडावीत. वरुडची मिळाली तर उत्तम.